शून्य किलो चिंध्या

त्या मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, वाफेच्या पाइपांखालून वाकून गेलं की डाव्या हाताला कपड्यांची खोली लागायची. तिथे पायमशीनवर बसून एक बाई एकतीस वर्षं चादरी दुरुस्त करत होत्या. हजेरीपटावर त्यांचं पद 'शिवणकाम मदतनीस' असं होतं. मुख्य शिवणकार म्हणून कधी कुणाला नेमलंच गेलं नाही, त्यामुळे एकतीस वर्षं त्या नेमकी कुणाला मदत करत होत्या, हे कुणाला सांगता आलं नसतं. सगळे त्यांना ठिगळमावशी म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि पुढे पुढे वॉर्डातून येणाऱ्या चिठ्ठ्यांवरही तेच नाव यायला लागलं.

चादरीचं आयुष्य मावशींना तोंडपाठ होतं. नवी चादर खाटेवर अडीच-तीन वर्षं टिकते. मग माणूस जिथे झोपतो तिथे, म्हणजे मधोमध, ती विरते. काठ मात्र कोरे करकरीत राहतात. मावशी ती मधून उभी फाडायच्या, दोन्ही काठ एकमेकांना जोडून टीप मारायच्या, म्हणजे विरलेला भाग कडेला जाऊन गादीखाली दडायचा. आणखी दीड वर्ष निघायचं. त्यानंतर तिच्यातून लहान मुलांच्या खाटांसाठी दोन चादरी व्हायच्या. त्याही विरल्या की दुपटी. दुपटी हे त्या खोलीतलं सगळ्यात नाजूक काम. बाळंत-विभागाच्या सिस्टर म्हणायच्या, नव्या कापडाला बाळ धरता येत नाही, कापडाला आधी शंभर वेळा उकळून शहाणं व्हावं लागतं. दुपट्याचं पुढे फडकं व्हायचं, फडक्याचं पोतेरं, आणि पोतेरं झिजून झिजून फरशीवरच संपायचं. कापताना निघालेली कातरणं प्लास्टर घातलेल्या पायाखाली ठेवायच्या उशांत जायची.

यात आपण काही विशेष करतो असं मावशींना कधी वाटलं नाही. त्या चार बहिणींत धाकट्या. एका फ्रॉकवर चौघी वाढल्या होत्या, आणि चौथीपर्यंत पोचेपर्यंत त्या फ्रॉकला मूळचा रंग कोणता होता यावर घरात वाद व्हायचा. टाकून द्यायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

मग एका सोमवारी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. शाश्वत विकासासाठी सर्व रुग्णालयांनी चक्राकार अर्थव्यवस्था अंगीकारावी, वस्तू पुन्हापुन्हा वापरात ठेवाव्यात, कचरा कमीत कमी करावा, आणि याची दर वर्षी तपासणी होऊन क्रमवारी लागेल, असं त्यात होतं. पत्र एकोणीस पानांचं होतं, कागदाच्या एकाच बाजूला छापलेलं, आणि प्रत्येक खात्याला त्याच्या तीन प्रती आल्या होत्या. मावशींनी आपल्या तिन्ही प्रती कोऱ्या बाजूने नमुने कापायला ठेवल्या.

महिनाभराने तपासणीला एक सल्लागार मुलगी आली. तळघरात येताना तिने पाइपवर कपाळ आपटून घेतलं, आणि तरीही हसत हसत मावशींच्या समोरच्या गाठोड्यावर बसली. तिने विचारलं की महिन्याला कापडाचा कचरा किती निघतो. मावशी म्हणाल्या, निघत नाही. मुलीला वाटलं, बाई घाबरून लपवताहेत. तिने समजावून सांगितलं की ही काही चौकशी नाही, जे असेल ते मोकळेपणाने सांगा. तेव्हा मावशींनी तिला एक चादर पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवली. काठ काठाला कसे जोडायचे, दुपट्याची घडी कशी घालायची, कातरणं कुठे जातात, सगळं. मुलीने अर्धा दिवस तिथे काढला. फोटो घेतले, स्वतः एक टीपही मारली, ती वाकडी आली. जाताना मात्र ती आपल्या टॅबकडे बघत उगीचच थांबली.

"मावशी, हे लिहायला माझ्याकडे रकानाच नाही," ती म्हणाली.

"मग काय लिहिणार?"

"किती किलो कचरा निघाला आणि त्यातला किती पुनर्चक्रणाला दिला, एवढंच विचारलंय. दोन्हीकडे शून्य लिहिते."

मावशींना ते बरोबरच वाटलं. शून्य हे खरंच होतं.

क्रमवारी लागली तेव्हा त्रेचाळीस रुग्णालयांत त्यांचा नंबर बेचाळिसावा आला. त्रेचाळिसाव्याने अर्जच भरला नव्हता. पहिला नंबर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका चकचकीत रुग्णालयाला मिळाला होता, जिथे चादरी एकदाच वापरून फेकायच्या असत. ते आठवड्याला तीन हजार किलो चादरी फेकत आणि त्यातल्या नव्वद टक्के पुनर्चक्रणाला देत. त्यांच्या प्रमुखाचा फोटो पत्रकात आला होता. मागे चादरींचा डोंगर, पुढे हसरे प्रमुख.

मावशींच्या रुग्णालयाचे अधीक्षक नुकतेच बदलून आले होते. वाईट गृहस्थ नव्हते ते. कोणतीही यादी समोर आली की आपलं नाव वरून शोधायची त्यांना फक्त सवय होती, आणि या वेळी फार खाली यावं लागलं. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं. मावशी पहिल्यांदाच त्या केबिनमध्ये गेल्या, आणि आत शिरताच त्यांचं लक्ष पडद्याच्या उसवलेल्या कडेकडे गेलं.

"मावशी, आपल्याला कचरा लागणार आहे," साहेब म्हणाले.

मावशींना वाटलं, कापूस किंवा दोऱ्याची रिळं लागावीत तसा कुठल्या तरी खात्याला लागणार असेल. "किती?"

"बाराशे किलो. वर्षअखेरीपर्यंत."

"माझ्याकडे नाहीये, साहेब."

"मग तयार करा."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढून त्यांना आपुलकीने समजावलं. काळ बदललाय, जुन्याला कवटाळून चालणार नाही, कचऱ्याकडे आता कचरा म्हणून बघायचं नसतं. त्यात चूक काहीच नव्हतं. मावशी मान डोलावत राहिल्या आणि पडद्याच्या कडेला किती टाके लागतील ते मनात मोजत राहिल्या.

घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं. नवरा शाळेत गणिताचा मास्तर होता, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता सकाळी भाजी निवडणं आणि दुपारी वर्तमानपत्रातल्या आकड्यांच्या चुका लाल पेन्सिलीने सुधारणं अशी त्याची दोन कामं होती. मावशींनी आणलेली तपासणीच्या अर्जाची प्रत त्याने नीट वाचली.

"शून्याला शून्याने भागलं तर काय येतं?" मास्तरने विचारलं.

"शून्य?"

"काहीच येत नाही. तो प्रश्नच चुकीचा असतो. पण त्यांच्या यंत्राला उत्तर लिहिणं भाग होतं, म्हणून त्याने शून्य लिहिलं. तू नापास नाही झालीस गं. पेपर तपासणारा नापास झालाय."

मावशींना बरं वाटलं, पण त्याचा उपयोग काही नव्हता. पेपर तपासणाऱ्याला कोण नापास करणार?

त्यांनी आपल्या परीने प्रामाणिक प्रयत्न केला. महिनाभर दोऱ्याची टोकं, तुटलेली बटणं, न जुळणाऱ्या नाड्या, जे जे खरोखर टाकाऊ ते ते एका पिशवीत जमा केलं. वजन भरलं तीन किलो दोनशे ग्रॅम. भांडारातल्या कारकुनाने पिशवी हातात तोलून बघितली आणि सुचवलं की भिजवून आणा, ओल्या कापडाचं वजन दुप्पट भरतं. माणूस अनुभवी होता.

शेवटी साहेबांनी निर्लेखन समिती नेमली. कोणती वस्तू बाद झाली ते ठरवणारी तीन माणसांची ही समिती एका सकाळी तळघरात उतरली, ओळीने कपाळं चोळत. त्यांच्याकडे लाल शाईचा शिक्का होता, त्यावर 'बाद' असं कोरलेलं. नियम सोपा होता: ज्या चादरीला एकही टीप मारलेली दिसेल, ती बाद. मावशींच्या खोलीत टीप नसलेली चादर मिळणं म्हणजे विहिरीत कोरडा दगड शोधण्यासारखं होतं. दुपारपर्यंत समितीचे हात कोपरापर्यंत लाल झाले. शेजारच्या शस्त्रक्रिया विभागातून आलेला एक डॉक्टर दारातून डोकावला आणि काही न विचारता परत गेला.

त्या दिवसासाठी मावशींनी रजा मागितली होती. मिळाली नाही, कारण प्रत्येक गठ्ठ्यावर त्यांची सही लागणार होती. त्या स्टुलावर बसून सह्या करत राहिल्या. एका गठ्ठ्यात सगळ्यात वर मुलांच्या खाटेची एक चादर होती, तिच्यावरची टीप अजून पांढरी होती, आदल्याच आठवड्यात मारलेली. मावशींनी ती हळूच काढून मांडीवर घेतली. समितीतल्या एकाने पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. दुसऱ्याने मात्र हात पुढे केला. मावशींनी चादर दिली.

बाराशे किलोचा आकडा पंधरा किलोंनी कमी पडत होता. कारकुनाने गठ्ठ्यांवर बादलीभर पाणी ओतलं आणि तोही पुरा झाला.

त्यानंतर आदेश निघाला की दुरुस्ती तूर्त स्थगित ठेवावी, कारण दुरुस्त केलेली प्रत्येक चादर कचऱ्याच्या उद्दिष्टाला मारक ठरते. मशीनला कुलूप लागलं. मावशी रोज वेळेवर येत, मशीन पुसत आणि बसून राहत. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला काम नव्हतं, आणि पाय तर ऐकायलाच तयार नव्हते. घरी जेवताना टेबलाखाली त्यांचे पाय आपोआप वरखाली होत राहायचे. मास्तर आपलं पाऊल हलकेच त्यांच्या पावलावर ठेवायचा, आणि दोघं जेवण संपवायची.

त्या वर्षी रुग्णालयाचा नंबर बेचाळिसाव्यावरून नवव्यावर आला. पहिल्या दहांना देतात ते रौप्यपदक मिळालं. दर्शनी दारावर 'आम्ही काहीही वाया घालवत नाही' असं लिहिलेला भला मोठा प्लास्टिकचा फलक लागला.

बाद झालेल्या चादरींच्या जागी नव्या आल्या, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. भानगड झाली ती दुपट्यांची. जुनी दुपटी गठ्ठ्यांबरोबर गेली होती. नवी आली ती बाटल्या वितळवून काढलेल्या धाग्याची होती, प्रत्येकावर हिरवं पान छापलेलं, आणि सोबत एक पुस्तिका, की या एका दुपट्याने सात बाटल्या वाचवल्या. दिसायला गोजिरी होती. आठवडाभरात बाळंत-विभागाच्या सिस्टर त्यातलं एक मुठीत धरून तळघरात उतरल्या. या सिस्टर आणि मावशी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या, आणि सिस्टरांची जीभ त्यांच्या इंजेक्शनच्या सुयांपेक्षा तिखट आहे असं डॉक्टर म्हणायचे.

"बाळ भिजतं आणि दुपटं कोरडं राहतं," सिस्टर म्हणाल्या. "मला उलटं हवं होतं."

त्यांनी सांगितलं, अकरा बाळांच्या माना आणि मांड्या लाल झाल्यात. एका आईने घरून आपली जुनी ओढणी मागवली. वरती लेखी कळवलं तर उत्तर आलं की दुपटी प्रमाणित आहेत, बाळांची तपासणी करावी. सिस्टरांना जुनी दुपटी हवी होती, निदान तसं कापड तरी. मावशींच्या खोलीत तसं एक वीतभर कापड उरलं नव्हतं. कधी नव्हे ते त्यांना स्वतःची लाज वाटली. सह्या तर त्यांच्याच होत्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दोघी दोन बसा बदलून शहराबाहेर गेल्या. जिथे गठ्ठे गेले होते ते पुनर्चक्रणाचं गोदाम तिथे होतं. गोदामाचा मालक मिशाळ, गुबगुबीत माणूस, त्याला सगळे चिंधीशेठ म्हणत आणि तो ते कौतुकाने ऐकून घेई. त्याने दोघींना स्टूल दिलं, चहा मागवला. मावशींनी भीतभीतच विचारलं की आमच्या चादरींचा भुगा करून झाला का. त्यांच्या डोळ्यांसमोर महिनाभर तेच येत होतं.

चिंधीशेठने त्यांना मागच्या बाजूला नेलं. कापड पिंजून धागा करायचं मोठं यंत्र तिथे आच्छादन घालून उभं होतं, आच्छादनावर बोटभर धूळ. त्यापलीकडे त्यांचे सगळे गठ्ठे तसेच रचून ठेवलेले. लाल शिक्क्यांसकट.

"यंत्र पाहुणे आले की चालवतो," तो म्हणाला. "तुमचं कापड आलं तेव्हा इथल्या कामाच्या बायकांनी चाचपून बघितलं आणि माझ्याच अंगावर ओरडल्या. म्हणे, हे पिंजायचं? याचं काही होईल."

"मग काय केलंत त्याचं?" मावशींनी विचारलं.

"काय करायचं ते कुणालाच येत नाही ना. गॅरेजवाल्यांना पुसायला तुकडे करून देतोय. जिवावर येतं."

मावशी गठ्ठ्यापाशी गेल्या, कापडाच्या कडेत हात घातला आणि तसाच राहू दिला. सिस्टर दुसरीकडे बघायला लागल्या, कारण त्यांना रडणारी माणसं फक्त ड्युटीवर चालायची.

तिथेच बोलणं ठरलं. मावशींनी गोदामातल्या बायकांना चादर कुठे फाडायची, काठ कसे जोडायचे, दुपट्यासाठी कापड कसं निवडायचं ते शिकवायचं. चिंधीशेठने जागा, मशिनी आणि कापड द्यायचं. राहिला प्रश्न रुग्णालयाचा. सिस्टर म्हणाल्या की प्रमाणपत्राशिवाय आमच्याकडे दुपटंच काय, बाळसुद्धा आत घेत नाहीत. चिंधीशेठने कपाट उघडलं. त्याच्याकडे कापडापेक्षा प्रमाणपत्रंच जास्त होती, आणि शुद्ध पुनर्वापरित सुती वस्त्राचं प्रमाणपत्र तर त्याला मागच्याच वर्षी मिळालं होतं. आजवर त्यात बसेल असं कापडच त्याच्याकडे आलं नव्हतं.

सहा आठवडे मावशी दर सुट्टीला गोदामात जात राहिल्या. तिथल्या चार बायका तयार झाल्या, त्यातली एक तर मावशींपेक्षाही सरळ टीप मारायला लागली, आणि मावशींनी ते तिला सांगूनही टाकलं. सगळे जण शिक्का टाळूनच कापायचे, पण एखाद्या दुपट्याच्या कोपऱ्यावर अर्धा शिक्का राहून जायचा. एकावर नुसता 'बा' उरला होता. सिस्टर म्हणाल्या, राहू दे, बाळाला अक्षरओळख होईल.

अशा रीतीने दुपटी पुन्हा बाळंत-विभागात आली, बाळांच्या माना बऱ्या झाल्या आणि कागदावर तर सोहळाच झाला. कारण रुग्णालयाला आता दोन्हीकडून गुण मिळायला लागले होते. चादरी कचऱ्यात दिल्याबद्दल एकदा, आणि त्याच चादरी पुनर्चक्रित माल म्हणून घेतल्याबद्दल दुसऱ्यांदा. पूर्वी हे कापड तळघरातून दुसऱ्या मजल्यावर जायला चार मिनिटं लागायची, तीही मावशींचे गुडघे दुखत असले तर. आता ते ट्रकमध्ये बसून शहराबाहेर जायचं आणि दुसऱ्या ट्रकमध्ये बसून परत यायचं. दोन्ही ट्रकांवर हिरवी पानं रंगवलेली होती.

दुसऱ्या वर्षी रुग्णालय पहिलं आलं. त्याच महिन्यात मावशी निवृत्त झाल्या. निरोप समारंभात साहेब त्यांच्याविषयी अगदी मनापासून बोलले, आणि बाटल्यांपासून बनवलेली एक घडीची पिशवी त्यांना भेट दिली. शिवणकाम मदतनिसाचं पद रद्द झालं. कपड्यांच्या खोलीला रंग देऊन तिथे 'वर्तुळ कक्ष' नावाची बैठकीची खोली केली, आत एक मोठं गोल टेबल ठेवलं. मावशींचं मशीन पॉलिश करून दर्शनी दालनात काचेच्या पेटीत मांडलं. खाली पाटी होती: 'दुरुस्ती – आपला वारसा'.

या यशाची कहाणी लिहायला तीच सल्लागार मुलगी पुन्हा आली. या वेळी ती पाइपाखाली वेळेवर वाकली, पण खोलीत मावशी नव्हत्या. ती मुलगी सरळमार्गी होती, आणि सरळमार्गी माणसं त्रासदायक असतात ती यासाठीच. ती साहेबांचं भाषण लिहून घेऊन थांबली नाही. ट्रकच्या मागे गोदामात गेली, गोदामातल्या बायकांना हे कुणी शिकवलं ते विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी पत्ता शोधत मावशींच्या घरी आली.

मास्तर भाजी निवडत होता. मावशी शेजारणीच्या पडद्यांना कड घालत होत्या. मुलगी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मग म्हणाली की माझ्या अर्जामुळे हे सगळं झालं. मावशी म्हणाल्या, तुझ्यामुळे कसं, तू तर खरं तेच लिहिलंस. त्यावर मास्तरने लाल पेन्सिल खाली ठेवली आणि तिला शून्य भागिले शून्य समजावून सांगितलं. मुलीने ते आधी कधी ऐकलं नव्हतं असं नाही, पण भेंडी चिरता चिरता कुणी सांगितलं नव्हतं.

ती परत गेली आणि वर भांडली. किती भांडली ते कळायला मार्ग नाही, पण पुढच्या वर्षीच्या अर्जात पहिलाच रकाना नवा होता: निघूच न दिलेला कचरा. त्याला सगळ्यात जास्त गुण. दुरुस्तीची खोली दाखवा, यंत्र दाखवा, आणि दुरुस्ती करणारं माणूस दाखवा, तर गुण मिळतील, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. ते शेवटचं वाक्य घालायला मुलीला फार जोर लावावा लागला असणार, कारण त्याशिवाय त्रेचाळीसच्या त्रेचाळीस रुग्णालयांनी एका आठवड्यात शून्य लिहून पाठवलं असतं.

साहेबांनी अर्ज वाचला आणि ते खाली वर्तुळ कक्षात जाऊन एकटेच गोल टेबलाशी बसले म्हणतात. मग त्यांनी गाडी काढली आणि स्वतः मावशींच्या घरी आले. पायऱ्या चढून दमले होते. मास्तरने पाणी दिलं. साहेबांनी इकडचं तिकडचं काही लावलं नाही, ते त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"मावशी, मला तुमच्याशिवाय जमणार नाही. परत या."

मावशींनी दोरा तोडला, सुई पिनकुशनला टोचली. त्यांना राग यायला हवा होता, तसा त्यांनी मनात शोधूनही पाहिला. सापडला तो फार थोडा होता.

"पुन्हा अर्ज बदलला तर?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी पाण्याचा पेला पुन्हा तोंडाला लावला, तो रिकामा होता. मावशी म्हणाल्या की मी आठवड्यातून दोन दिवस येईन, पण एकटी बसून चादरी शिवणार नाही. शिकायला माणसं द्या. मी गेल्यावर कुणाच्या तरी हातात हे राहिलं पाहिजे. आणि मशीन त्या पेटीतून काढा, त्याला तेलाची गरज असेल, पॉलिशची नव्हे. साहेबांनी सगळं कबूल केलं. पेटीची किल्ली कुणाकडेच नव्हती, त्यामुळे काच फोडावी लागली. ती काच पुनर्चक्रणाला गेली, दोन किलो आठशे ग्रॅम.

वर्तुळ कक्षात वर्गाचा पहिला दिवस उजाडला. वरच्या आदेशाने इतर रुग्णालयांतूनही माणसं पाठवली गेली होती. एक भांडारप्रमुख, दोन पर्यवेक्षक, तीन परिचारिका, आणि एक गृहस्थ ज्यांना आपण नेमके कशासाठी आलोय ते माहीत नव्हतं. साहेबही फोटोपुरते येऊन बसले. सगळ्यांच्या समोर नव्या कोऱ्या वह्या उघड्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की मावशी आता चक्राकार अर्थव्यवस्थेची व्याख्या सांगतील. मावशींनी प्रत्येकासमोर एक सुई आणि हातभर दोरा ठेवला आणि म्हणाल्या, ओवा.

पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली. मग खोली शांत झाली. भांडारप्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एका पर्यवेक्षकाने दोरा जिभेवर ओला केला, तर त्याचं टोकच पसरलं. परिचारिकांचा दोरा चटकन गेला, आणि त्या शेजाऱ्याला मदत करायला सरसावल्या, तेव्हा मावशींनी त्यांना खुणेने थांबवलं. फोटो काढणारा फोटो काढून निघून गेला. साहेब मात्र राहिले, कारण त्यांचा दोरा अजून बाहेरच होता.

अर्ध्या तासाने त्यांनी मान वर केली. "चादरीचं कधी सुरू करायचं?" त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं.

"दोरा गेला की," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी थर्मासमधला चहा कपात ओतला.